वन्सं, पंपानं पाणी उचललं

वन्सं,

तुमच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी विहिरीचंच होतं. तुम्ही हॉलमध्ये चटईवर होतात आणि मी मागच्या अंगणात पंपापाशी उकिडवी बसून तुम्हालाच बोल लावत होते. आयुष्यभर त्या पंपाला माझा हात लागू दिला नाहीत, आणि लागायची वेळ आणलीत ती कधी, तर तेव्हा.

त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि गच्चीवरची टाकी तळाला गेली होती. निखिलनं जाऊन पंपाचं बटण दाबलं. तुमचा लाडका भाचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या लोकांच्या अडचणी सोडवतो. हाताची घडी घालून पंपासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मोटर तर चालू आहे, पण पाणी येत नाहीये." मी आवाज ऐकला मात्र, तशीच धावले. "बंद कर आधी! कोरडा चालवू नकोस, सील जळेल!" बोलल्यावर लक्षात आलं, वाक्य तुमचं होतं. चिडका सूरसुद्धा तुमचाच.

तेवढ्यात तुमच्या चुलत घराण्यातल्या एक बाई मागच्या दारात आल्या. नाकाला पदर. "शैलाताई, विहिरीचं कसलं तरी पाणी असतं, ते नका हो वापरू. मी बाटल्यांचे खोके मागवते. अर्ध्या तासात येतात."

"मागवा," मी म्हटलं. "आणि बरोबर स्ट्रॉ पण सांगा."

त्या आत निघून गेल्या. तुम्ही असतात तर हसला असतात. किंवा नसतातही. तुम्हाला दुसऱ्याचा तिरकसपणा फारसा खपायचा नाही.

मी पंपाच्या डोक्यावरचा बोल्ट काढला आणि स्वयंपाकघरातली प्यायच्या पाण्याची कळशी त्यात ओतली. पाणी गुडगुडत खाली गेलं ते गेलंच. ठरेना. म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप मिटत नव्हती, काहीतरी अडकलं होतं. असं झालं की तुम्ही काय करायचात ते मी वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलं. कठड्यावर ओणवं व्हायचं, पाइप दोन्ही हातांनी धरायचा आणि गदगदा हलवायचा. धरला. शेवाळाचा बुळबुळीत थर कोपरापर्यंत आला, त्यात काहीतरी वळवळलंसुद्धा. हलवला, पुन्हा हलवला. दुसरी कळशी ओतली तेव्हा पाणी काठोकाठ येऊन थांबलं. बुडबुडे येऊ दिले, बोल्ट आवळला, निखिलला म्हटलं, "दाब." पंप खोकला, थुंकला, आणि मग पाइप थंडगार झाला. पाणी चढलं.

तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा माझ्या हातांना शेवाळाचा वास येत होता. तो साबणानं गेला नाही.

त्यानंतरचे दिवस निव्वळ तिटकारा यावा असे गेले. माणसं येतात, सोफ्यावर बसतात, चहा नको म्हणतात आणि घेतात. "बाई अगदी शांतपणे गेल्या." वन्सं, तुम्ही आयुष्यात कुठलीच गोष्ट शांतपणे केली नाहीत. चहा पितानासुद्धा तुम्ही कपाशी वाद घालायचात. "देवमाणूस होत्या हो." हेही खोटं. देवमाणसाबरोबर एका छपराखाली इतकी वर्षं काढणं सोपं गेलं असतं. तुमच्याबरोबर काढावी लागली.

शाळेतून निवृत्त झालात आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आमच्याकडे विश्रांतवाडीला आलात, तेव्हा आमच्या घराच्या चारी बाजूंना अजून ज्वारी उभी असायची. रिक्षावाले इकडे यायला तयार नसत. विहीर प्लॉटमध्ये आधीपासूनच होती, घर नंतर बांधलं. तुमच्या बंधुराजांचा आणि पंपाचा संबंध एवढाच, की तो बंद पडला की ते पेपर खाली न ठेवता म्हणायचे, "मेकॅनिकला बोलवा." तुम्ही आलात त्या महिन्यात मेकॅनिक आला. बिडी विझवून थोटूक विहिरीच्या कठड्यावर ठेवलं, तसल्याच हातांनी सगळं उघडलं, काहीतरी बदललं आणि गेला. दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा बंद. तुम्ही कठड्यावरचं ते थोटूक चिमटीत धरून माझ्यासमोर आणलंत. "हा माणूस या घरात पुन्हा येणार नाही," म्हणालात. आला नाही.

मग तुम्ही पंप शिकलात. मुलांना पस्तीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या बाईला शिकायला काय लागतं? पण तुम्हाला शिकून समाधान नव्हतं, मला शिकवायचं होतं, तेही फक्त तोंडी, पंपाला हात न लावू देता. मी कणीक मळत असायची आणि तुम्ही दारात पान्हा घेऊन उभ्या.

"शैला, पंप पाणी ओढतो का?"

"ओढतोच की."

"चूक. पंप फक्त आतली जागा रिकामी करतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. म्हणून पंपात आधी पाणी भरलेलं असायला हवं, आणि पाइपाला सुईएवढंही भोक असता कामा नये. हवा शिरली की संपलं."

"वन्सं, मला पोळ्या करायच्यात."

"कर की. कान कुठे पोळ्या करतायत?"

मला तो पंप आवडला नाही. खरं सांगायचं तर त्याची किळसच यायची. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तुम्ही माणूस लावून पाइप वर ओढून घ्यायचात आणि टोकाची जाळी साफ करायला अंगणात बसायचात. जाळीत गोगलगायी, केसांचे गुंतवळ, एकदा अख्खा बेडूक, अर्धा विरघळलेला. तुम्ही तो काडीनं काढून म्हणालात, "बिचारा." मी जास्वंदीच्या मुळाशी ओकले. तुम्ही मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "खत झालं."

हे आता आठवून हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

मग शेजारी बिल्डिंग आली. ज्वारी गेली, त्या जागी पाट्या लागल्या, पाट्यांवर गोरी बाई, गोरं मूल आणि स्वप्नातलं घर. सगळ्या शहरातच तेव्हा स्वप्नं बांधायचं काम चाललेलं. सॉफ्टवेअरवाली पोरं भाड्यानं राहायला आली, कंपनीच्या गाड्या रात्री-अपरात्री हॉर्न वाजवू लागल्या. मला पोरांचा राग नव्हता. राग होता तो भिंतीवरून येणाऱ्या गोष्टींचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकलेलं निर्माल्य. देवाला वाहिलेलं ते आणि टाकायचं शेजाऱ्याच्या विहिरीत. एकदा बाळाचा लंगोट आला, नको त्या अवस्थेत. तुम्ही लांब बांबूला जाळी बांधलीत आणि रोज सकाळी विहिरीवर उभ्या राहून एकेक वर काढू लागलात. देवपूजेआधी.

त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा वास आला. पाण्याला. तांब्या तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. तुम्हाला म्हटलं. तुम्ही काचेच्या ग्लासात पाणी घेतलंत, उजेडात धरलंत. "स्वच्छ आहे. तुझं नाक फार लाडावलेलं आहे."

"वन्सं, गटाराचा वास आहे."

"तुला अत्तरालाही गटाराचा वास येतो. मनाची किळस आणि पाण्याची घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शैला."

"मला एकच वाटतात."

तुम्ही मान हलवलीत, जशी वर्गातल्या ढ मुलीकडे बघून हलवत असाल तशी. तेव्हापासून मी माझ्यापुरतं नळाचं पाणी भरून ठेवायला लागले. तुम्ही आणि तुमचे बंधू विहिरीचंच पीत राहिलात. तुम्हाला काही झालं नाही. ह्यांचे डोळे पिवळे झाले.

कावीळ साधी नव्हती. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मधले काही दिवस ह्यांना माणसं ओळखू येईनात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भिंतीकडे पाहत होतात. वन्सं, मी त्या क्षणी काहीही बोलू शकले असते. बोलले नाही, कारण तुमचा चेहरा बघवत नव्हता. पण त्यानंतर तुम्ही बोलाल याची मी वाट पाहिली. हे घरी आले, बरे झाले, पुन्हा पेपर वाचायला लागले, तरी तुम्ही बोलला नाहीत. "तुझं बरोबर होतं," एवढंच. तीन शब्द. शाळेत चुकलेल्या मुलांना उभं करणाऱ्या बाईला ते जमले नाहीत.

तुम्ही त्याऐवजी शेजारच्या बिल्डिंगच्या चेअरमनकडे गेलात. मलाही बरोबर नेलंत. संगमरवरी लॉबी, भिंतीवर आरसे, कोपऱ्यात खोटी फुलं. त्यानं आपल्याला बसायलाही सांगितलं नाही.

"आँटी, आमचं ड्रेनेज ब्रँड न्यू आहे. तुमची विहीर जुनी झाली. बंद करून टाका ना. आजकाल विहीर कोण वापरतं?"

"आम्ही," तुम्ही म्हणालात.

"पण आमच्याकडून लीक होतंय याला प्रूफ काय?"

"पुरावा हवाय? बरं."

तुमचं ते 'बरं' मला ठाऊक होतं. त्यानं ओळखलं नाही, त्याला काय कल्पना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या जुन्या शाळेत गेलात आणि प्रयोगशाळेतून एका हिरव्या रंगाची पुडी घेऊन आलात. चिमूटभर टाकला तर बादलीभर पाणी पोपटी होतं, असला रंग. मग इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन, भिंतीलगतच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची बेल वाजवलीत. मी मागे. दार उघडलं एका मुलीनं. रात्रपाळी करून आलेली, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. यवतमाळकडची, प्रणाली.

"मुली, तुझा संडास वापरू का?"

"या न आजी," ती म्हणाली. एका शब्दानं काही विचारलं नाही.

तुम्ही पुडी काढलीत आणि काय करणार आहात ते तिला नीट समजावून सांगितलंत, आधी कारण, मग कृती. तिची झोप उडाली. "आजी, काही फुटून-बिटून नाही जाणार न?"

"जे फुटायचं ते आधीच फुटलंय," तुम्ही म्हणालात आणि रंग ओतून साखळी ओढलीत.

संध्याकाळी तुम्ही पंप सुरू केलात. अंगणातल्या नळाखाली स्टीलची बादली होती. पहिलं पाणी साधं आलं. मग त्यात एक हिरवट झाक आली, मग बादली पोपटी झाली. मी तोंडावर हात धरून उभी होते. तेच पाणी महिनोन् महिने आपण भात शिजवायला घेतलेलं. तुम्ही काचेचा ग्लास आणलात, भरलात, वर बशी झाकलीत आणि चालू लागलात.

बिल्डिंगच्या लोकांची लॉबीत मीटिंग चालली होती, पार्किंगवरून. तुम्ही सरळ मध्ये गेलात आणि ग्लास चेअरमनच्या पुढ्यात ठेवलात.

"सरबत आणलंय. घ्या."

"हे काय आहे?"

"तुमच्याच घरचं आहे. आम्ही रोज पितो, आज म्हटलं तुम्हीही चव बघा. माझा भाऊ हे पिऊन मरता मरता वाचला."

प्रणाली मागच्या खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "माझ्या टॉयलेटातून गेलंय ते. मी होती तिथं." मीटिंग तिथंच संपली. आठवड्याच्या आत त्यांनी खणलं. त्यांचा मैल्याचा पाइप फुटला असता तरी समजू शकले असते, पण तो फुटलाच नव्हता. तो मुळी जोडलेलाच नव्हता. जमिनीत नेऊन तसाच सोडून दिलेला. वर संगमरवर आणि खाली सगळ्यांची घाण मोकाट मातीत, आणि बांधणारा केव्हाच पुढच्या स्वप्नाकडे निघून गेलेला. मला इतकी शिसारी आयुष्यात दुसऱ्या कशाची आली नाही. त्या बेडकाचीसुद्धा नाही. बेडूक निदान चुकून पडला होता.

त्यांनी पाइप जोडला. तुम्ही मोठा पंप भाड्यानं आणून विहीर उपसलीत, गाळ काढून घेतलात, भिंती घासून घेतल्यात, ब्लीचिंग टाकलंत, पुन्हा उपसलीत. आपल्या पंपाची जाळी नवी, झडप नवी. पुढच्या पावसानंतर पाणी तपासून आणलंत, ते स्वच्छ निघालं. त्या दिवशी तुम्ही दोन ग्लास भरलेत. एक माझ्यासमोर पिऊन संपवलात. दुसरा पुढे केलात.

"पी."

"नाही."

"तपासलंय, शैला."

"तपासलं असेल. मी नाही पिणार."

"मग तुला काय हवंय?"

मला काय हवं होतं ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ग्लास तुळशीत ओतलात. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण एकाच ओट्यावर दोन पिंपं ठेवली. तुमचं विहिरीचं, माझं नळाचं. पाहुण्यांना गंमत वाटायची. मी येता-जाता म्हणायची, "बुजवा एकदाची ती विहीर," आणि तुम्ही म्हणायचात, "माझ्यानंतर बुजव."

तर दहाव्याचं आटोपून आल्यावर निखिलनं मागच्या दारात उभं राहून तोच विषय काढला. "आई, आत्या होती तोवर ठीक होतं. आता विहीर बुजवून टाकू. दुसऱ्या गाडीचं पार्किंग होईल." हे नेहमीसारखे पेपरात. मी हो म्हणायला हवं होतं. वाक्य तर माझंच होतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला माझ्याच वाक्याची किळस आली. बघू म्हटलं.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रणाली आली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, भाड्याचा तो फ्लॅट तिनं आणि नवऱ्यानं विकत घेतला, आता ती कसली तरी मॅनेजर आहे. मी तिला येता-जाता पाहायची, बोलणं फारसं नव्हतं. सोफ्यावर न बसता ती थेट स्वयंपाकघरात आली. शांतपणे गेल्या वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "काकू, एक विचारायचं होतं. या महिन्याचा रंग कोण टाकणार?"

"कसला रंग?"

"आजींनी तुम्हाला नाही सांगितलं? त्या दर महिन्याला येत होत्या न माझ्याकडे. पुडी घेऊन. आधी रंग टाकत, मग चहा पीत. मला पहिले पहिले वाटे, सोसायटीचा रूलच आहे असा." ती हसली, मग तिचे डोळे भरून आले. "पाय दुखायला लागले तेव्हापासून पुड्या माझ्याकडेच देऊन ठेवल्या. मी टाकायची आणि फोन करायची. त्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाऊन पाणी बघत."

वन्सं, माझ्यासमोर ऐटीत ग्लास रिकामा करणाऱ्या तुम्ही. "तपासलंय, शैला." आणि माझ्या पाठीमागे दर महिन्याला पुन्हा तपासत होतात.

"पण का?" मी विचारलं. "पाइप तर जोडला होता."

"मी पण विचारलं होतं. तर म्हणाल्या, माझ्या भावजयीला वास आला होता आणि मी शास्त्र सांगत बसली. तिचं नाक बरोबर होतं. आता मी कशावरच भरवसा ठेवत नाही."

मला रडू यायला हवं होतं. आधी राग आला, तुम्हाला खोटं कशाला सांगू. तीन शब्द, वन्सं. ते तुम्ही भिंतीपलीकडच्या पोरीला सांगितलेत, तिच्याकडे चहा पिता पिता, आणि घरी येऊन माझ्याशी पोळी जाड झाली म्हणून भांडलात. मी इथे होते. तुमच्या पिंपाशेजारी माझं पिंप होतं. ओट्यावर वीतभर अंतर होतं हो!

मग रडू आलं. प्रणालीनं गॅस बंद केला, दूध उतू चाललं होतं.

"काकू, मग टाकू का मी?" तिनं निघताना विचारलं.

"टाक," मी म्हटलं.

काल रात्री रंग टाकल्याचा तिचा फोन आला, आणि आज सकाळी उजाडल्यावर मी विहिरीवर गेले. पंप सुरू केला, काचेचा ग्लास नळाखाली धरला आणि उजेडात नेला. उलटसुलट करून पाहिला. वाससुद्धा घेतला. मागून निखिल ब्रश चघळत आला.

"आई, काय बघतेयस?"

"काही नाहीये."

"मग?"

"काही नाहीये, तेच बघतेय," मी म्हटलं. "विहीर राहू दे. गाडी रस्त्यावर लाव."